सावलीतली वांगी

शेजारच्या वीरेंद्रभाऊंनी घरावर मजला चढवला आणि दिलीपरावांच्या परसातले वाफे सावलीत गेले. वांग्याला ऊन लागतं, आता तिथे पालक-मेथी टाका, असं त्यांच्या पत्नी अनुराधाबाईंनी तेव्हाच सुचवलं होतं. पण दिलीपरावांनी सौसरच्या कचेरीत सगळ्यांना घरच्या वांग्यांच्या भरताचं आमंत्रण देऊन ठेवलं होतं. पाहुण्यांची पालकावर बोळवण करणं त्यांना पटेना.

झाडं कमरेएवढी झाली, पानं सुपासारखी पसरली, वांगं मात्र एकही धरेना. शेवटी दिलीपरावांनी कपाटाचा लांबलचक आरसा उतरवला आणि मागच्या भिंतीला असा तिरपा बांधला, की दुपारचं ऊन त्यावर पडून थेट वाफ्यात उतरावं.

"अन् मी वेणी कशात पाहू?" अनुराधाबाईंनी विचारलं.

"भरीत होईपर्यंत परसात येऊन पाहत जा."

आश्चर्य म्हणजे युक्ती लागू पडली. फुलं टिकली, जांभळी वांगी लोंबू लागली. दिलीपरावांनी कचेरीत रविवार जाहीर करून टाकला.

त्याच रविवारी सकाळी परसात धप्पकन आवाज झाला. एक दांडगा, काळतोंड्या वानर कुंपणावरून उतरला होता. वांग्यांकडे त्याचं लक्षही नव्हतं. त्याला आरशात दुसरा वानर दिसला होता. याने दात दाखवले, त्यानेही दाखवले. याने उडी घेतली, तोही अंगावर आला. आरडाओरडा ऐकून मदतीला सगळी टोळी धावली, आणि म्होरक्या लढत असताना बाकीच्यांनी नाश्ता उरकून घेतला. दिलीपरावांनी काठी आपटली, तेव्हा म्होरक्या त्यांच्याकडे वळला. ते स्वयंपाकघरात शिरले आणि आतून कडी लावून बसले. वीरेंद्रभाऊंच्या आई पंचफुलाबाई नव्या मजल्यावरून हे पाहत होत्या. देव दारी आला म्हणून त्यांनी वरून केळी टाकली, त्यामुळे टोळीचा मुक्काम आणखी लांबला.

वानरं गेली तेव्हा वाफ्यात नुसते देठ उरले होते. आरशाला ओरखडाही नव्हता.

"आता लोकाईले काय खाऊ घालू?" दिलीपरावांचा आवाज पार खाली गेला होता.

"बजारातून वांगे आणा," अनुराधाबाई म्हणाल्या. "अन् पुढच्या खेपेले सावलीत अळू लावा. घसा खाजते, वानर तोंड लावत नाही."

पाहुणे आले, जेवायला बसले. घरच्या वांग्याची चवच निराळी, असं जो तो म्हणू लागला. दिलीपराव खाली मान घालून जेवत राहिले. मग लोधीखेड्याच्या अतुलभाऊंनी विषय काढला. त्यांच्याही परसात सावलीच होती, आणि हे भरीत खाऊन त्यांनी वांगी लावायचं ठरवलं होतं.

दिलीपरावांनी घसा साफ केला. "चुकून राहिले तुम्ही, अतुलभाऊ. सावलीत वांगं लावतच नसतात. अळू लावा. वानर तोंड लावत नाही."

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला. अनुराधाबाई बाहेर आल्या आणि त्यांनी अतुलभाऊंच्या ताटात गरम भाकर वाढली.

"ह्यायचं ऐका, भाऊ," त्या शांतपणे म्हणाल्या. "हे अनुभवाचं बोलून राहिले."