ठोसरबाईंना रंग लागत नाही

कुसुंबवाडीत शिमग्याच्या दिवसांत ज्याला कुणी फसवलं नाही, त्याला रंगपंचमीला रंग लागत नाही. पिचकारी मारा, बादली उपडी करा, माणूस कोराच्या कोरा. म्हणून होळी पेटली की गावातली मोठी माणसं पोरांच्या वाटेत मुद्दाम घुटमळतात. पारावरच्या फांदीवरून गळ लावलेला दोरा खाली येतो, टोपी वर जाते आणि माणूस खूश होऊन घरी जातो.

यंदा खुद्द सरपंच पहिल्याच दिवशी मिठाच्या चहाला फसले. राहिल्या होत्या एकट्या ठोसरबाई.

बाई गणित शिकवून संक्रांतीला रिटायर झालेल्या. गावातली प्रत्येक खोडी त्यांनी कधी ना कधी पकडलेली. त्यांना फसवणार कोण, डोंबल! दर पंचमीला त्यांची सुती साडी संध्याकाळी होती तशी पेटीत जायची. त्याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं, पण यंदा वाटत होतं. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी मुलगा त्यांना कायमचं नाशिकला न्यायला येणार होता. गाव सोडायच्या आधी एकदा तरी अंगाला रंग लागावा, असं बाईंच्या मनानं घेतलं होतं.

त्यांनी पोरांना बोलावून सरळ सांगितलं, "मला फसवा."

"प्रयत्न करतो, बाई," रेवा म्हणाली. ती पोरांची म्होरकी.

पोरांनी जीव तोडून प्रयत्न केले. भिंतीवर रबरी पाल चिकटवली. बाई म्हणाल्या, "हिचं शेपूट गेल्या वर्षीच तुटलं होतं ना?" दारात कुणीतरी "पोस्टमन!" म्हणून ओरडलं. "आज रविवार आहे," बाई आतूनच म्हणाल्या. शेवटी बाईंनीच मिठाचा चहा डोळे मिटून घशाखाली घातला आणि "अगंबाई, फसले गं!" असं ओरडून पाहिलं.

ग्रामसेवक मोहिते शहानिशा करायला आले. त्यांनी बाईंच्या हातावर चिमूटभर गुलाल टाकला. तो घरंगळून खाली पडला.

"ढोंग चालत नाही, बाई," मोहिते अदबीनं म्हणाले. "चाललं असतं तर आम्ही सोय केली असती."

बाईंना रडूच फुटायचं बाकी होतं.

पंचमी उजाडली. पोरं आली ती रंग न घेताच, तोंडं पाडून, खांद्याला दप्तरं.

"हरलो आम्ही, बाई," रेवा म्हणाली. "आता काही सुचत नाही. तुम्ही उद्या चाललात, आमची परीक्षा तोंडावर आलीय, आणि सोपानला अजून भागाकार येत नाही."

सोपान शेलार मान खाली घालून उभा होता.

"अजून नाही?" बाई उसळल्या. "मग इतके दिवस मी काय भिंतीशी बोलत होते?"

रंगाचं राहिलं बाजूला. त्यांनी पदर खोचला, ओसरीवरचा फळा पुसला आणि भागाकार पहिल्यापासून सुरू केला. सोपाननं साधा भाग चुकवला. पुन्हा चुकवला. बाईंनी कपाळावर हात मारला. "मी गेल्यावर या पोराचं कसं व्हायचं, देवा!" म्हणाल्या आणि आणखी सावकाश समजावू लागल्या. बाहेर गाव रंगात भिजत होतं, ओसरीवर बाई घामात. खरं सांगायचं तर त्यांना फार बरं वाटत होतं.

दुपार कलल्यावर सोपान उठला. त्यानं खडू घेतला, बाईंनी न दिलेला एक लांबलचक भागाकार आपल्याच मनानं मांडला आणि सरसर सोडवला. खाली ताळाही करून दाखवला.

"मला दिवाळीपासूनच येतंय, बाई," तो चाचरत म्हणाला. "तुम्हीच तर शिकवलंत."

बाईंनी उत्तर तपासलं. बरोबर होतं. त्या मटकन खुर्चीत बसल्या. पोर 'येत नाही' म्हणालं की त्याला खरंच येत नाही का, ही एकच गोष्ट त्यांनी जन्मात कधी तपासून पाहिली नव्हती.

रेवानं दप्तरातून पुडी काढली आणि बाईंच्या गालाला निळा रंग लावला. तो लागला. मग पोरांनी अंगणात लपवलेल्या बादल्या आणल्या आणि बाई इतक्या हसल्या की सरपंच बघायला आले.

दुसऱ्या दिवशी मुलगा सामान गाडीत ठेवून परत आला.

"आई, तोंड धुऊन घे ना."

"धुतलंय."

"बरं, आणि तो फळा पुसायचा राहिलाय."

"राहू दे," बाई कुलूप लावत म्हणाल्या. "त्याला येतंय."