माफ करणारा ड्रायव्हर

माणसाच्या हातून चूक होते, हे जगातल्या सगळ्या संस्कृतींना मान्य आहे. ती आपल्या हातून झाली, हे मात्र अद्याप कोणत्याही सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत मान्य झालेलं नाही. परळच्या नवसह्याद्री सोसायटीने हा लौकिक मोठ्या निष्ठेने जपला आहे, आणि त्यापायी चिंतामणी टिपणीसांना काय काय सोसावं लागलं, त्याची ही हकिगत.

नवसह्याद्री म्हणजे पूर्वीची तीन मजली चाळ. आता तिथे बावीस मजले आहेत. बिल्डरच्या रंगीत माहितीपत्रकात इतर सोयींबरोबर ‘गोल्फ’ असाही एक शब्द होता. तो कशासाठी होता, हे बिल्डरलाही सांगता येईना (बहुधा चित्रात गवत उरलं असावं). पण छापून आलेलं सोडून द्यायचं, ही गिरणगावची रीत नव्हे. रहिवाशांनी दोन वर्षं पाठपुरावा केला, एकदा बिल्डरच्या कार्यालयावर मोर्चा नेला आणि सहाव्या मजल्याच्या पोडियमवर, म्हणजे तिथल्या मोकळ्या गच्चीवर, गोल्फची जाळी, हिरवी चटई आणि चेंडूंची एक बादली मिळवून दाखवली. गोल्फ कुणालाच खेळायचा नव्हता. प्रश्न हक्काचा होता.

चेंडू मारायचा ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची ती मोठ्या डोक्याची काठी, तेवढी मात्र ‘सभासदांनी आपापल्या कौशल्यानुसार घ्यावी’ असं कळवून बिल्डर मोकळा झाला. सोसायटीत शिडी जशी सगळ्यांत मिळून एक असते, तसा ड्रायव्हरही एकच असावा असं ठरलं आणि गोल्फ उपसमिती नेमण्यात आली. अध्यक्षपदी टिपणीस बिनविरोध आले. विमा कंपनीत असताना ते एकदा चेंबूरला गोल्फच्या मैदानालगतच्या बसस्टॉपवर पाऊण तास उभे राहिले होते. एवढा अनुभव दुसऱ्या कुणाच्या गाठीशी नव्हता.

टिपणीस अभ्यासाला लागले. (मध्यमवर्गीय माणूस वस्तू विकत घेत नाही, तिचा अभ्यास करतो. वस्तू पुढच्या पिढीने घ्यायची असते.) महिनाभर मोबाइलवर व्हिडिओ पाहून त्यांनी दोन ड्रायव्हर निवडले आणि माहीमच्या एका खेळांच्या दुकानात ते प्रत्यक्ष हाताळायला गेले.

पहिल्याचं नाव मॅग्ना. याचं डोकं मोठं, पसरट, वजन मागच्या बाजूला, दांडा हलका आणि लवचीक.

“हा माफ करतो, साहेब,” दुकानदार म्हणाला. “बॉल कडेला लागला ना, तरी बऱ्यापैकी सरळच जाणार. नवीन माणसासाठी बनवलाय.”

दुसरा झेनिथ टूर. डोकं आटोपशीर, वजन पुढे, दांडा ताठ.

“आणि हा?”

“हा माफ नाय करत. बरोबर मध्ये मारलात तर असा काही जाईल की विचारू नका. पण त्याला हात बसलेला पायजे.”

टिपणीसांनी आधी टूर उचलला. पहिल्या फटक्यात चेंडू जागचा हलला नाही. दुसऱ्यात तो शेजारच्या विभागातल्या कॅरमबोर्डांवर गेला. मग त्यांनी मॅग्ना घेतला, डोळे जवळजवळ मिटले आणि फिरवला. ठण्ण असा आवाज झाला आणि चेंडू दुकानातल्या जाळीच्या मध्यभागी जाऊन बसला. पुन्हा फिरवला, पुन्हा ठण्ण. एखादी गोष्ट आपल्या हातून पहिल्या झटक्यात नीट झाल्याचं त्यांना शाळेपासून आठवत नव्हतं. त्यांना चक्क भरून आलं. घरी येऊन त्यांनी बायकोला, मृणालिनीबाईंना, तो आवाज तोंडाने काढून दाखवला. बाईंनी “खोकल्याचं औषध घेतलंत का?” असं विचारलं.

आता टिपणीसांना जगात एकच गोष्ट हवी होती: मॅग्ना. आणि ती मिळवायची तर भर सभेत, सगळ्या बिल्डिंगसमोर, आपण ‘नवशिके’ आहोत हे कबूल करावं लागणार होतं.

सभेत त्यांनी तुलनेचा तक्ता मांडला. त्यात प्रचलित निकषांबरोबर सभासदांनी सुचवलेले निकषही होते: ड्रायव्हर लिफ्टमध्ये उभा राहतो का, गच्चीच्या कठड्यावर अडकलेलं शटल त्याने काढता येईल का, वॉचमनला तो कुत्र्यांसाठी देता येईल का. बहुतेक निकषांवर दोन्ही ड्रायव्हर बरोबरीत सुटले. मग माफीचा मुद्दा आला आणि सचिव हेरंब सामंत उभे राहिले.

“मला एक सांगा, टिपणीससाहेब. चुकलं तरी चेंडू सरळ जाणार, तर चुकलं हे माणसाला कळणार कधी? आपण मुलांना असं वाढवलं का? काठीनेच माफ करायला सुरुवात केली तर शिस्त कोण लावणार?”

टाळ्या झाल्या. माफ करणारी वस्तू संस्थेच्या आवारात ठेवावी की नाही, यावर बराच वेळ चर्चा झाली. शेवटी, बिल्डरने ‘कौशल्यानुसार’ असं म्हटलं असल्यामुळे आधी संस्थेचं कौशल्य मोजावं असं ठरलं.

“नवशिके सभासद, हात वर करा,” सामंत म्हणाले.

टिपणीसांचा उजवा हात गुडघ्यावरून सुटला, खांद्यापर्यंत आला आणि तिथे थांबून त्याने कान खाजवला. सभागृहात एकच हात वर होता. तो टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या कौसल्याताई मोहित्यांचा.

“मला येत नाही,” त्या म्हणाल्या. “कधी हातातच घेतला नाही, तर येणार कसं?”

सभा क्षणभर अवघडली. असं उघड बोललं जाईल, याची कुणाला कल्पना नव्हती. मग सामंतांनी ‘कुशल’ म्हणून पुकारलं आणि उरलेले सगळे हात वर गेले. सर्वेक्षणाअंती नवसह्याद्रीत गोल्फच्या कुशल खेळाडूंचं प्रमाण नव्व्याण्णव टक्के निघालं. (यात दोघे सभासद झोपलेले होते, पण झोपेतही त्यांचा कल स्पष्ट होता असं सचिवांनी नोंदवलं.) झेनिथ टूर मंजूर झाला. कौसल्याताईंनी दुसऱ्याच दिवशी माहीमला जाऊन स्वतःपुरता मॅग्ना आणला.

उद्घाटनाचा फटका अर्थातच अध्यक्षांचा. नारळ फुटला, टिपणीसांनी टूर फिरवला आणि चेंडू उजवीकडे निघून जाऊन जिन्याच्या दारावर आपटला. पुढच्या अकरा मान्यवरांचे चेंडूही त्याच दिशेने गेले. यावर तातडीची बैठक झाली. ड्रायव्हर कुशल खेळाडूंचा, खेळाडू कुशल, म्हणजे दोष कुठे आहे हे शोधायला फार वेळ लागला नाही. जाळी चुकीच्या जागी होती. ती उजवीकडे, जिन्यापाशी हलवण्यात आली. त्या दिवसापासून नवसह्याद्रीतला जवळजवळ प्रत्येक चेंडू जाळीत जाऊ लागला आणि संस्थेच्या खेळाचा दर्जा एका आठवड्यात उंचावला. समोरच्या मोकळ्या झालेल्या जागेत सोसायटीचं काचेचं कार्यालय थाटण्यात आलं.

टिपणीसांच्या मनातून मात्र तो ठण्ण जाईना. इतरांचे फटके फटफट वाजायचे. कौसल्याताई माटुंग्याच्या मैदानात जाऊन खेळत आणि परत येताना त्यांचा चेहरा इतका प्रसन्न असे की टिपणीसांना लिफ्टमध्ये त्यांच्याकडे बघवत नसे. शेवटी एका दुपारी त्यांनी मोहित्यांची बेल वाजवली.

“उपसमितीतर्फे आलोय. तुमच्या ड्रायव्हरची तपासणी करायची होती.”

“तपासणी नाही,” कौसल्याताई शांतपणे म्हणाल्या. “खेळायला हवा असेल तर खुशाल न्या. फक्त येत नाही म्हणा.”

“तसं नाही हो, हल्ली सराव जरा...”

“मग सराववाल्यांचा आहे की खाली.”

टिपणीस दारात उभे राहिले. नोकरीत चार साहेब बदलले, घरात संगणक आला, मुलीने स्मार्टफोन आणून दिला, पण हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. त्यांनी जिन्यात कुणी नाही ना ते पाहिलं.

“मला येत नाही,” ते म्हणाले.

काही झालं नाही. बिल्डिंग उभी होती. कौसल्याताईंनी आत जाऊन मॅग्ना आणून त्यांच्या हातात दिला.

पोडियमवर शुकशुकाट होता. टिपणीसांनी चेंडू ठेवला, श्वास घेतला आणि फिरवला. ठण्ण. चेंडू सुटला तो अगदी सरळ, नजर लागावी इतका सरळ गेला, आणि समोरच्या कार्यालयाची काच फोडून सामंतांच्या टेबलावरच्या चहाच्या कपात पडला. टिपणीसांनी इतकं मोठं सुख पूर्वी कधी अनुभवलं नव्हतं. सामंत बाहेर येईपर्यंत ते हसत होते.

चौकशी झाली. संस्थेच्या इतिहासात प्रथमच सरळ चेंडू मारून मालमत्तेचं नुकसान केल्याबद्दल टिपणीसांना अध्यक्षपदावरून दूर करण्यात आलं आणि माफ करणाऱ्या ड्रायव्हरला आवारात कायमची बंदी झाली. टिपणीस आता कौसल्याताईंबरोबर माटुंग्याला जातात. त्यांना अजून फारसं येत नाही, आणि ते ज्याला त्याला तसं सांगत सुटतात, याची मृणालिनीबाईंना थोडी काळजी वाटते.

नवसह्याद्रीच्या सभासदांना वाचक हसतील, तर त्याला आमची हरकत नाही. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवावी. माहीमच्या दुकानातलं वर्णन वाचता वाचता तुम्हीही दोहोंपैकी एक ड्रायव्हर मनातल्या मनात आपल्यासाठी बाजूला काढून ठेवलात. तो मॅग्ना नव्हता.