परशुरामकाकांच्या सुपाऱ्या

परशुरामकाका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या टेबलावर एकही कागद पडून नव्हता, आणि हे ते रत्नागिरीत भेटेल त्याला सांगत. त्यामुळे २००३ साली पुतण्या अपूर्वने आंबे घरपोच पाठवायचा धंदा काढला आणि गिऱ्हाइकांच्या मेलना उत्तरं द्यायचं काम काकांकडे दिलं, तेव्हा ते म्हणाले, "मेल म्हणजे शेवटी पत्रच ना? एक जरी अडलं तर नावाचा परशुराम नाही!"

अपूर्व मुंबईला राहायचा. त्याची अट एकच. मेल तुंबले तर हे काम पुण्याच्या एका कंपनीकडे जाणार. काकांना तर ते काम जिवापाड हवं होतं. निवृत्तीनंतरचे आठ महिने त्यांनी कमलाकाकूंच्या हाताखाली काढले होते आणि काकूंना त्यांनी सोललेला फणस एकदाही पसंत पडला नव्हता.

अडचण एवढीच की मेलचा पत्ता एक आणि उत्तरं देणारे दोघे. सकाळी काका, दुपारी मदतीला ठेवलेली शमिका. मग कशाचं उत्तर राहिलंय ते कळायचं कसं? काकांनी ऑफिसातल्या बाहेरच्या टेबलावर एक पितळी वाटी ठेवली. मेल आला की वाटीत एक सुपारी टाकायची, उत्तर गेलं की एक काढायची. वाटी रिकामी, काम संपलं.

"काका, कॉम्प्युटरमध्येच खूण करता येते," शमिका म्हणाली.

"खुणेवर माझा भरवसा नाही. सुपारी डोळ्यांना दिसते."

पहिला आठवडा झकास गेला. मग एके सकाळी कमलाकाकू डबा द्यायला आल्या. बघतात तर वाटीभर सुपारी उघड्यावर, आणि शेजारी साधा अडकित्ता नाही! चार माणसं येतात-जातात, काय म्हणतील? काकू तशाच घरी गेल्या, पानं, चुना, कात, अडकित्ता घेऊन आल्या आणि वाटीशेजारी तबक मांडून गेल्या. काकांनी तबक पाहिलं, बायकोच्या मायेने त्यांना भरून आलं, आणि पुढचा विचार त्यांनी केला नाही. शमिकाला वाटलं, काका पान खात असतील.

पूर्णगडचे बागायतदार भाव ठरवायला येत, टेबलाशी टेकत, पान जमवत. पेट्या ठोकणारा भागोजी तर तीन वेळा येई. काका सकाळी निम्मे मेल शमिकासाठी ठेवून जात. दोनला ती येई तेव्हा वाटीत जेमतेम दोन सुपाऱ्या. ती वरच्या दोन मेलना उत्तरं देई आणि मनात म्हणे, या वयात काकांचा काय झपाटा आहे. दुसऱ्या दिवशी काका रिकामी वाटी बघत आणि मनात म्हणत, पोरगी कामाची आहे. मग तेही अकरालाच उठून मांडवीच्या किनाऱ्यावर वारा खायला जाऊ लागले. सुपारी तेवढी घरून पुन्हापुन्हा आणावी लागे. काकांच्या मते ते धंदा वाढल्याचं लक्षण होतं.

मे संपता संपता अपूर्व आला. वाटीत एक सुपारी होती.

"बघ," काका म्हणाले. "साऱ्या सीझनचा एकच मेल बाकी."

"मानलं काका तुम्हाला," अपूर्व म्हणाला, आणि बोलता बोलता त्याने अडकित्ता उचलून ती सुपारी कातरली आणि तोंडात टाकली.

"अरे, तो मेल होता," काका म्हणाले.

दारातून भागोजीने वाटीत डोकावून पाहिलं. "संपली काय? म्हणजे माझी दुपारची नाय आता."

शमिकाने कॉम्प्युटर उघडला. दोनशे चौदा मेल बिनउत्तराचे होते. नाशिकच्या एका गृहस्थांचे त्यात पाच. पहिल्यात त्यांनी आंबे गवतात किती दिवस ठेवावेत असं विचारलं होतं. पाचव्यात लिहिलं होतं, "आता विचारण्यासारखं काही उरलं नाही. वास शेजाऱ्यांकडे पोचला आहे."

चार दिवस काका आणि शमिका उत्तरं देत बसले. पाचव्या दिवशी काम पुण्याला गेलं. काकांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

"जाऊ दे हो," काकू म्हणाल्या. "पण तुमच्या ऑफिसचं लोक अजून नाव काढतात. पान खाल्ल्याशिवाय कुणाला सोडत नाहीत, म्हणतात. आणि ते तबक तुम्हाला सुचलं नव्हतं, मी मांडलं होतं, हे लक्षात आहे ना?"

काकांनी हाताला तेल लावलं आणि फणसासमोर बसले.