झाकणाचा हेतू

"माझ्या नजरेतून सुटलेली मानवी कृती अजून घडायची आहे," असं अर्थगुप्तहेर स्वतःबद्दल सांगत. ते अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. कुठलाही सामाजिक गुन्हा आपण मागणी-पुरवठ्याच्या आलेखावर आडवा पाडतो, असा त्यांचा दावा होता. त्यांना एक सहाय्यकही होती. तिला पगार नव्हता, रजा नव्हती आणि राष्ट्रीय उत्पन्नात ती कुठे धरलीही जात नव्हती. ती त्यांची बायको.

या वेळचा गुन्हा जिन्याखाली घडत होता. इमारतीचा कचऱ्याचा डबा रिकामा, आणि पिशव्या डब्याच्या शेजारी. रोज. संशय तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या ताईंवर, कारण त्या भाडेकरू. सोसायटीच्या रविवारच्या बैठकीत त्यांना खोली सोडायला सांगायचं हे अध्यक्षांनी ठरवूनच टाकलं होतं. शास्त्रीय पुरावा तेवढा हवा होता.

"पुरावा सरळ आहे," अर्थगुप्तहेर म्हणाले. "त्या आल्या आणि त्याच आठवड्यात पिशव्या बाहेर पडू लागल्या. भाड्याच्या घरावर माणसाचा जीव नसतो."

"त्याच आठवड्यात डबाही नवा आणलाय," बायको भाजी चिरता चिरता म्हणाली.

"डब्याला हेतू नसतो, अगं."

"पण पिशव्यांत कापडाची एक चिंधी नाही."

"हाच तर पुरावा. इतकी सफाई निष्पाप माणसाला जमत नाही."

मग महागड्या फळांची सालं दिसली आणि त्यांनी तपासाची दिशा बदलली: लोक श्रीमंती मिरवायला कचरा बाहेर मांडतात. तेही टिकेना, तेव्हा लोकांना प्रोत्साहन मिळावं म्हणून त्यांनी डब्यावर हसरा चेहरा चिकटवला. दुसऱ्या दिवशी पिशव्या जरा लांब ठेवलेल्या होत्या. चेहरा झाकला जाऊ नये म्हणून.

रविवारी जिन्याखाली खुर्च्या मांडल्या गेल्या. ताई कडेला उभ्या होत्या. निघताना बायकोने नवऱ्याच्या हातात पिशवी दिली.

"खाली जाताच आहात, तर टाका एवढी."

लग्न झाल्यापासून ही पहिलीच वेळ. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात भिंग आणि अहवाल, असे अर्थगुप्तहेर सगळ्यांसमोरून डब्यापाशी गेले. कोपराने झाकण ढकलून पाहिलं. हललं नाही. त्यांनी पिशवी शेजारी ठेवली, हात झटकला आणि वळून म्हणाले, "तर आता गुन्हेगाराची मानसिकता पाहू."

सगळे त्या पिशवीकडे पाहत होते.

"अहो," मागून आलेली बायको म्हणाली, "पिशवी बाहेर का ठेवलीत?"

"झाकण जड आहे. दोन हात लागतात. माझ्या एका हातात संशोधन आहे."

"माझ्या कडेवर बाळ असतं," पहिल्या मजल्यावरची सून पुटपुटली.

"माझ्या हातात हेल्मेट," तिचा दीर म्हणाला.

अध्यक्ष स्वतःच्या चपला न्याहाळू लागले. झाकण त्यांच्या पसंतीचं होतं. बायकोने दोन्ही हातांनी ते उचकटून भिंतीला टेकवलं.

"मग मी मशीन बांधून ठेवलंय, ते सोडू का?" ताईंनी विचारलं.

"सोडा की," अध्यक्ष म्हणाले. आणि अर्थगुप्तहेरांकडे वळून हळूच, "अहवालातलं भाडेकरूंवरचं ते पान मात्र जपून ठेवा. पार्किंगच्या भांडणात लागेल."

जिना चढताना अर्थगुप्तहेर खुशीत होते. "मला अंदाज होताच. याला मी झाकण-सिद्धान्त म्हणेन."

"पण एका दिवसाच्या प्रयोगावरून निष्कर्ष काढू नये, असं तुम्हीच म्हणता ना?"

"अर्थात. प्रयोग पुन्हा पुन्हा करावा लागतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने पिशवीला गाठ मारून ती दाराशी, त्यांच्या चपलांवर ठेवली. प्रयोग अजून चालू आहे.