समुद्रपुरातला अकलेचा तराजू

माझ्या डोक्याचं वजन साडेतीन छटाक आहे, म्हणजे पावशेरालाही अर्धा छटाक कमी. हे मी म्हणत नाही, समुद्रपूरच्या बसस्टँडसमोरचे किराणा दुकानदार बबनभाऊ म्हणतात. साखर बांधता बांधता ते गिऱ्हाइकाची अक्कलही तोलतात. मी शिकवतो त्या शाळेच्या हेडमास्तरांना जेमतेम पावशेर मिळाली, तेव्हा त्यांनी महिनाभर दुकानच बदललं.

घरोघरी रंगीत टीव्ही येऊ लागले, तशा बबनभाऊंना मालिका सुचू लागल्या. सगळ्या अंतराळातल्या, पण यान उतरणार समुद्रपुरातच.

‘‘अमेरिकेतच काऊन उतराव त्याइनं? आपल्या बसस्टँडवर जागा नाई काय?’’

त्यांची लाडकी मालिका अशी : परग्रहावरचे लोक अक्कल तोलायचा तराजू घेऊन येतात. तहसीलदार, डॉक्टर, पुढारी एकेक करून पारड्यात बसतात. काटा ढिम्म हलत नाही. शेवटी मंगी बसते आणि पारडं धाडकन जमिनीला टेकतं.

मंगी म्हणजे बबनभाऊंची धाकटी बहीण. चाळिशीला आली, तरी तिला दहाच्या पुढे मोजता येत नाही. दिवसभर दुकानात बसून डाळीतले खडे निवडते आणि येईल त्याला विचारते, ‘‘जेवले काय?’’ मालिकेत ती परग्रहवाल्यांनाही हेच विचारते.

‘‘येवढ्या दुरून आले बिचारे. दुसऱ्या कोणी इचारलं काय त्याइले? याले म्हंते अक्कल, मास्तर!’’

एकदा खरंच नागपूरहून मालिका काढणारे साहेब आले. बबनभाऊंनी इस्त्रीचा शर्ट घालून गोष्ट ऐकवली. साहेब खूश! फक्त म्हणाले, ‘‘त्या येडीचं वजन सगळ्यात कमी दाखवू. लोक पोट धरून हसतील.’’

मंगी तेव्हा त्यांच्यासमोर चहा ठेवत होती. बबनभाऊंनी साहेबांना वाटेसाठी शेंगदाण्याचा पुडा दिला आणि पुढच्याच एसटीत बसवून दिलं.

मी चिडलो. ‘‘अहो बबनभाऊ, एवढंसं बदललं असतं, तर मालिका टीव्हीवर आली असती!’’

‘‘आली असती न,’’ ते डाळ तोलत म्हणाले. ‘‘अन् टीव्हीसमोर सगळ्यात पुढं कोण बसली असती, मास्तर?’’

तेवढ्यात आतून मंगीची हाक आली, ‘‘मास्तर, जेवले काय?’’

मी घरून भरपेट जेवून आलो होतो. तरी म्हणालो, ‘‘नाई बाई, अजून.’’

आत ताट वाजलं. बबनभाऊंनी तराजू खाली ठेवला आणि हळूच म्हणाले, ‘‘आज पावशेर भरले तुम्ही.’’