रेणूचा नंबर

शेषरावांनी रेणूचं नाव मॅरेथॉनमध्ये घातलं, ते तिला न विचारताच. जानेवारीत वाशीमला दहा किलोमीटरची दौड होती आणि पोलीस भरतीला असला सराव फार कामी येतो, असं त्यांना कुणीतरी पटवून दिलं होतं. रेणूला पोलीस व्हायचंच नव्हतं, तिला आसेगावात ब्यूटी पार्लर काढायचं होतं. पण त्या घरात फॉर्म बाबा भरत आणि फॉर्मवर मोबाईल नंबरही बाबांचाच जाई.

नेमकं त्याच दिवशी तुरीच्या मळणीचं यंत्र शेतात येणार होतं. शेषराव अडकले, तेव्हा त्यांनी लिलाबाईंना पोरीसोबत धाडलं.

"नजर ठेवजो तिच्यावर. अर्ध्यातूनच बसन ते."

"मंग मी काय तिच्यामांगं पळू?" लिलाबाई म्हणाल्या.

सकाळी सात वाजता मैदानावर चारशे माणसं जमली होती आणि आयोजकांनी सगळ्यांना एकाच रंगाचे गुलाबी टीशर्ट वाटले होते. रेणूने पिशवी आईच्या हाती दिली, "येतो वं," म्हणाली आणि गर्दीत शिरली. शिट्टी झाली. सगळं गुलाबी पाणी फाटकातून रस्त्यावर वाहून गेलं.

थंडी होती म्हणून लिलाबाईंनी शाल काढायला पिशवीत हात घातला, तर शालीच्या घडीत रेणूचा छातीवर लावायचा नंबर! चारशे सतरा. मागे चिकटवलेली, वेळ मोजणारी चिप तशीच.

"अरे बाप्पा! हा तं इथंच राह्यला!"

शेजारचे गृहस्थ म्हणाले, "ताई, नंबर नसला तर पोरगी धावलीच नाही असं धरतात."

घरी जाऊन शेषरावांना काय सांगायचं, हे लिलाबाईंच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. त्यांनी पदर खोचला, पिशवी खांद्याला अडकवली, नंबर हातात उंच धरला आणि "रेणूऽऽ" करत त्या पळत सुटल्या.

पहिल्या चौकात एका स्वयंसेविकेने त्यांना अडवलं.

"काकू, हातात नका धरू. छातीवर लावा, नाहीतर मशीन वाचत नाही."

"अवं, हा माहा नोहे, माह्या पोरीचा..."

"हो हो, लावते मी." तिने चार पिनांनी नंबर पदरावर पक्का टोचलासुद्धा. "शाब्बास काकू! पळा!"

मशीन टिंग वाजलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता टाळ्या वाजवणाऱ्यांसमोर थांबायचं कसं? लिलाबाई पळाल्या.

पुढे पाणी वाटणाऱ्यांना त्यांनी विचारलं, "इथून एक पोरगी गेली काय? गुलाबी टीशर्टवाली?"

"आत्ताच गेली, काकू. हे काय, वळणावर असन!"

प्रत्येक ठिकाणी हेच उत्तर मिळालं, आणि ते कुठेच खोटं नव्हतं. प्रत्येक वळणापुढे एक गुलाबी पाठ दिसायची. लिलाबाई जीव खाऊन तिला गाठायच्या आणि ती पाठ कुठल्यातरी मास्तराची निघायची.

तिसऱ्या किलोमीटरला डाव्या स्लीपरचा अंगठा तुटला. त्यांनी दोन्ही स्लीपर पिशवीत टाकल्या. चौथ्याला एक जण आपुलकीने म्हणाला, "आजी, दम लागला असेल तर मागे ॲम्ब्युलन्स आहे."

लिलाबाई चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. "आजी" या एका शब्दावर त्या पुढचा अर्धा किलोमीटर कुठेही न थांबता पळाल्या.

पाचव्याला दौड माघारी वळत होती. तिथे मात्र त्यांची बरगडी दुखायला लागली. त्यांनी एका पोलिसाला विचारलं, "दादा, मैदानावर जाले जवळचा रस्ता कोनता?"

"हाच. पाच किलोमीटर."

"अन् आटो?"

"रस्ता बंद हाय, ताई. मॅरेथॉन हाय न."

म्हणजे पळण्यावाचून इलाज नव्हता. दोन्ही बाजूंना हरभरा हिरवागार उभा होता, ऊन अजून कोवळं होतं. पळता पळता लिलाबाईंच्या ध्यानात आलं, की बराच वेळ झाला, आपण रेणूला हाक मारलेली नाही. आजवर त्या पळाल्या होत्या, पण कायम कशाच्या तरी मागे. सुटलेल्या गोऱ्ह्यामागे, निघालेल्या एसटीमागे, डबा विसरलेल्या नवऱ्यामागे. आज रस्ता मोकळा होता आणि वाटेत कुणी त्यांना मीठ कुठे आहे म्हणून विचारत नव्हतं. शेवटच्या किलोमीटरला त्यांनी महागड्या बुटांतल्या एका माणसाला मागे टाकलं आणि नंतर उगाचच एकदा वळून पाहिलं.

दौड जिथे संपली तिथे कुणीतरी त्यांच्या गळ्यात मेडल घातलं, हातात केळं दिलं. समोर रेणू उभी होती. टीशर्टवर घामाचा एक थेंब नव्हता.

"आई! तू काहून पळाली वं?"

"तुहा... नंबर... पिशवीत..."

"मी मुद्दाम ठेवला होता! नंबर नाही तं पळू देत नाहीत, असं बाबाले सांगनार होती मी. पयल्या चौकातच हाटेलात बसली. पोहे खाल्ले."

लिलाबाईंनी चापट मारायला हात उचलला, पण तो खांद्याच्या वर जाईना. त्या मटकन खाली बसल्या. आधी रेणू हसली, मग त्याही हसल्या. घरी यातलं काही सांगायचं नाही, असं ठरलं.

पण दोघी घरी पोहोचण्याआधीच शेषरावांच्या मोबाईलवर निरोप येऊन पडला होता. 'अभिनंदन रेणू! दहा किलोमीटर, एक तास अडतीस मिनिटे.' अंगणात शेजारचे देवमन आणि दौलतसिंग चहा पीत बसले होते आणि शेषराव तो निरोप तिसऱ्यांदा वाचून दाखवत होते.

"आली माही वाघीन!" मग त्यांची नजर बायकोकडे गेली. "तुले काय झालं लंगडाले?"

"बसून बसून पाय आखडले," लिलाबाई म्हणाल्या.

"पाहा दौलतसिंग, हे बसून थकली अन् पोरगी दहा किलोमीटर पळून ताजीतवानी! पोरगी बापावर गेली. मायवर गेली असती तं पयल्याच चौकात बसली असती."

तेवढ्यात मोबाईल पुन्हा वाजला. 'रेणू, तुमचा धावतानाचा फोटो पाहा.'

"फोटो आला! या, या, पाहा सारे!" शेषरावांनी मोबाईल सगळ्यांना दिसेल असा धरला आणि बोट लावलं.

खोचलेली हिरवी साडी, खांद्याला पिशवी, अनवाणी पाय, पदरावर चारशे सतरा. आणि तोंड भरून हसणारी एक बाई.

देवमनचा चहा कपातच राहिला. शेषरावांनी फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला.

"हे... तू पळाली? काहून?"

"पयले नंबर द्याले पळाली," लिलाबाई म्हणाल्या. "मंग तिले बदडाले पळाली. अन् मंग... मंग कोनी थांब म्हनलंच नाही."

दौलतसिंगांनी रेणूकडे पाहिलं. "अन् पोरी, तू कुठं होती मंग?"

रेणूने एकदा आईकडे पाहिलं, एकदा वडिलांकडे.

"पयल्या चौकात, काका," ती म्हणाली. "मी बाबावर गेली न."