किसन फायरमनची भिंत

किसनराव कुणाच्याही घरी गेले की राम राम घालायच्या आधी भिंतीला गाल लावीत. खरोखर गाल, तोही डोळे मिटून. मग घरधन्याकडे वळून विचारीत, "थंडीगार हाये हो! एवढं लाकूड जाळता, ते जाते कुठं?"

बुलढाण्यात लोकांना याचं फार कौतुक. मला नव्हतं. मी त्यांचा शेजारी, कचेरीतला कारकून, आणि आमच्या दोघांची परसदारं लागून होती. रोज बघावं लागणाऱ्या माणसाचं कौतुक करणं अवघड असतं.

नवं मराठी राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. किसनरावांची उमर कापसाच्या जिनिंग कारखान्यात बॉयलरला जळण घालण्यात गेली होती. नोकरी संपली, पण बॉयलर काही डोक्यातून गेला नाही. बायको कधीच वारलेली, लेक देऊळगाव राजाला दिलेली. घरात एकटा जीव. या एकट्या जिवानं एका हिवाळ्याच्या तोंडाला आपलं जुनं मातीचं घर उकरायला घेतलं. चुलीचा धूर सरळ वर न सोडता त्यांनी विटांच्या नळीतून नेला. आधी आंघोळीच्या हंड्याखालून, मग मागच्या खोलीच्या भिंतीतून नागमोडी, आणि शेवटी तेलाच्या डब्यांचा पत्रा वळवून केलेल्या चिमणीतून बाहेर. चुलीच्या तोंडाला पत्र्याचं झाकण. कपाशीच्या चार वाळक्या पऱ्हाट्या घातल्या की भाकरी होई, पाणी तापे आणि भिंत दुपारपर्यंत कोमट राही. आमच्याकडे स्वयंपाकाची चूल वेगळी, पाण्याची वेगळी, आणि थंडी दोन्हीकडे सारखीच.

"धूर म्हंजे पळून चाललेलं लाकूड," ते सांगत. "पकडा लागते त्याले!"

आमची ही दिवसातून दोनदा म्हणे, "किसनरावांकडे बघा." मी बघत असे, आणि माझा जळफळाट होई. पण खरं दुखणं वेगळंच होतं. माझे वडील रोज सकाळी काठी टेकत परसातून त्यांच्याकडे जात आणि त्या कोमट भिंतीला पाठ लावून बसत. माझ्याशी बाबांची दिवसभरात दोन वाक्यं होत. एक, "जेवलास का?" आणि दुसरं, "दार लोटून घे." किसनरावांकडे मात्र ते धाड गावच्या बाजारात एका बैलानं त्यांना कसं लोळवलं होतं ते सांगत आणि खो खो हसत. ते हसणं मी दाढी करता करता ऐकायचो. हा बैल मला कधी कुणी सांगितला नव्हता.

मी ठरवलं, आपलीही भिंत तापवायची. बाबांना घरी आणायचं.

किसनरावांना विचारणं शक्यच नव्हतं. ते लेकीकडे गेल्याचं साधून मी त्यांच्या स्वयंपाकघरात शिरलो आणि सगळं वीट न् वीट पाहून घेतलं. चुलीच्या पायाशी एक भोक होतं, मूठभर. मी मनात म्हटलं, बाईमाणूस नसलेल्या घरात उंदराचं बीळ असायचंच. आमच्याकडे चूल रोज सारवतात. असलं बीळ मी कशाला ठेवू?

आठ दिवस खपून सगळं बांधलं. चूल पेटवली, झाकण लावलं. पाचच मिनिटांत भिंतीच्या प्रत्येक चिरेतून धूर निघाला. ही डोळे पुसत अंगणात, मी खोकत तिच्या मागे. बाबा मात्र शांतपणे काठी घेऊन किसनरावांकडे निघून गेले.

त्यांच्याकडून कळताच किसनरावच आले. सवयीप्रमाणे गाल लावला, वाकून चुलीच्या पायाशी पाहिलं.

"काऊन हो भाऊ, भोक नाई ठेवलं?"

"ते... मला वाटलं उंदराचं आहे."

ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. "आगीले बी श्वास लागते," एवढंच म्हणाले. लोखंडी सब्बलीनं भोक पाडलं, चिरा लिंपल्या, संध्याकाळपर्यंत मातीत हात घालून बसले. निघताना हात धुता धुता म्हणाले, "आता बाबाले थंडीत बाहीर नका पाठवू."

मी जिंकलो होतो. दुसऱ्या दिवसापासून बाबा आमच्याच भिंतीला टेकून बसले. मी मुद्दाम शेजारी बसलो, बैलाची वाट बघत. बराच वेळ गेल्यावर ते म्हणाले, "बरी तापली." मग कचेरीची वेळ झाली.

चौथ्या सकाळी पाहिलं तर किसनरावांच्या चिमणीतून धूर नाही. यंत्र बिघडलं म्हणायचं! मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? लगबगीनं गेलो. किसनराव घोंगडी पांघरून शिळी, वाळकी भाकर चावत बसले होते. चुलीत राखही नव्हती.

"बिघडली काय हो?"

"नाई. एकट्यासाठी काय पेटवाची? मी थंड्या पाण्यानंच आंघोळ करतो. पह्यलेपासून."

"पहिल्यापासून? मग रोज पेटवत होता ती?"

"बाबा येत व्हते ना," ते म्हणाले, आणि भाकरीकडे पाहू लागले.

"मग आमची दुरुस्त कशाला केली?"

"बुढा माणूस कुडकुडत परस वलांडून येते, ते काय बरं दिसते का भाऊ? घरची ऊब घरी पाह्यजे."

मी घरी आलो. ही पीठ मळत होती. तिच्यासमोरच वीट उचलून मी ते भोक बंद केलं. धूर कोंडला. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं झाकण काढून धूर बाहेर सोडला.

"बाबा," मी म्हटलं, "आपली पुन्हा बिघडली."

काठी शोधायलाही त्यांनी वेळ लावला नाही. इतक्या चपळाईनं ते माझ्याकडे कधी आले नव्हते. परसातूनच त्यांची हाक ऐकू आली, "किसना, पेटव बे लवकर!"

थोड्या वेळानं तिकडून धूर निघाला, मग दोघांचं हसणं. मला हेवा वाटला, चांगला पोटभर वाटला. मी थंड पाण्याच्या दोन बादल्या अंगावर ओतून घेतल्या आणि कचेरीत गेलो.